कारवारला मी जेवायला गेले

हुबळीच्या दुर्गदबैलात आमचं भांड्यांचं दुकान होतं आणि दुकानाच्या मागच्या अंगाला आम्ही राहायचो. मधे एक लाकडी दार आणि त्यावर आईच्या जुन्या लुगड्याचा पडदा. सकाळी दुकान उघडलं की भांड्यांवर नावं घालणारा रामण्णा पायरीवर येऊन बसायचा आणि त्याची छिन्नी दुपारपर्यंत टिक टिक चालायची. आत आई भाकऱ्या थापायची. बाहेर छिन्नी, आत तळहात, असे दोन आवाज दिवसभर घरात असायचे. शेंगांची चटणी कुटायला घेतली की तिसरा. गिऱ्हाइकाशी आम्ही कन्नड बोलायचो, घरात मराठी, आणि भांडायची वेळ आली की दोन्ही. मी मात्र कुठल्याच भाषेत फारसं बोलायची नाही. दुकानात कुणी आलं की पडद्याआड उभी राहून ऐकायची. चौथीनंतरची शाळा लांब होती, तिथं उभं राहून मोठ्यानं उत्तरं द्यावी लागतात असं कुणीतरी सांगितलं, म्हणून मीच रडून घरी राहिले. आमचे वडील, अप्पा, "बरं" म्हणाले. त्या "बरं"चा मला पुढं फार राग आला, पण त्या दिवशी सुटल्यासारखंच वाटलं होतं. आता नवनगरला लेकाच्या घरी दुपारी सगळे बाहेर गेले की नातीच्या अर्ध्या राहिलेल्या वहीत मी हे लिहिते. अक्षर अजून चौथीतलंच आहे.

माझी मोठी बहीण सुमन, आमची अक्का, माझ्या अगदी उलट होती. ती हसली की रामण्णाची छिन्नी थांबायची. तिचं लग्न कारवारला झालं. मुलगा भावाबरोबर कापडाच्या दुकानात बसतो, माणसं आपलीच, एवढं कळल्यावर अप्पांनी फार चौकशी केली नाही. लग्नात दिलेल्या प्रत्येक भांड्यावर रामण्णानं तिचं नाव घातलं. पाण्याची मोठी पितळी घागर, डबे, परात, कळशी, सगळ्यावर. घागरीवर तर नावाभोवती वेलही काढली आणि त्याचे पैसे घेतले नाहीत.

आमच्यात एक रीत होती. लेकीला पहिलं मूल होईपर्यंत आईबापानं तिच्या घरी जेवायचं नाही, पाण्याचा घोटसुद्धा घ्यायचा नाही. लेक गावातच दिलेली असली तर बाप उंबऱ्याशी उभा राहून खुशाली विचारायचा आणि परत यायचा. पण कारवार काय उंबऱ्याशी उभं राहून येण्यासारखं गाव नव्हतं. मग जायचं कशाला, म्हणून दीड वर्ष कुणी गेलंच नाही. लेकच माहेरी येईल, असं धरून चाललो. पहिल्या नागपंचमीला अक्का आली, झोपाळ्यावर बसली, तंबिटाचे लाडू घेऊन गेली. त्यानंतर दिवाळीला आली नाही. संक्रांतीला आली नाही. कार्ड यायचं, त्यात दोन ओळी असायच्या. आम्ही खुशाल आहोत, काळजी करू नये. अक्का बोलायची तशी लिहीत नव्हती, हे मला कळत होतं, पण मी कुणाला म्हणाले नाही.

मग एक दिवस नारळाचे व्यापारी कोट्रप्पा दुकानात आले. ते महिन्यातून एकदा किनाऱ्याकडे जायचे. त्यांनी चहा घेतला, इकडचं तिकडचं बोलले आणि जाता जाता म्हणाले, "तुमची मुलगी बघितली कारवारात. लई बारीक झाल्या हो. काळी पडल्या. धक्क्यावर उभी होती उन्हात, पदर खोचून, कुणाला तरी हाका मारत होती. मी बोललो न्हाई. तिलाच लाज वाटंल म्हटलं."

अप्पांनी हातातला तांब्या पुसत पुसत खाली ठेवला. पडद्याआड माझ्या शेजारी आई उभी होती, ते मला तेव्हा कळलं. तिच्या हाताला पीठ होतं आणि त्या हातानं तिनं माझं मनगट धरलं होतं.

त्या रात्री जेवताना अप्पा म्हणाले, "समुद्र बघून येऊ. मंजूनं बघितला न्हाई अजून." आईनं त्यांना भाकरी वाढली. मग अप्पाच पुढं म्हणाले, "मंजू जेवंल तिच्यात. तिला रीत लागत न्हाई." मंजू म्हणजे मी, तेव्हा चौदा वर्षांची. आपल्याला समुद्र दाखवायला नेत नाहीत, जेवायला नेतायत, हे मला समजलं. निघायच्या आदल्या दिवशी आईनं मला मोरीशी बसवून केस विंचरता विंचरता सांगितलं, "किती वाढतात ते बघ. तिला कोण वाढतं ते बघ. ती आधी बसते का मागनं बसते. झाकणं उघडून बघ, तांदळाचा डबा बघ. आपली भांडी हायत का बघ. आणि तिला काय विचारू नको, तू विचारायला लागलीस की सगळ्यांना कळंल." मी विचारेन अशी भीती जगात फक्त माझ्या आईलाच वाटू शकत होती.

यल्लापूरचा घाट उतरताना आईला फार त्रास झाला. लिंबू हुंगत ती खिडकीला डोकं टेकून बसली. खाली उतरल्यावर हवाच बदलली, ओली आणि जड, आणि तिला माशांचा वास होता. आम्ही बसस्टँडजवळच्या एका लॉजमध्ये उतरलो. खोलीत दोन खाटा होत्या आणि बरोबर शिदोरी होती. भाकरी, चटणी, मटकीची उसळ, शिवाय हुबळीहून आणलेलं पिण्याचं पाणी. अप्पांनी पाण्याचा डबासुद्धा दुकानातला नवा काढला होता. खिडकीतून समुद्राचा आवाज येत होता. कुणीतरी तांदूळ पाखडत आहे आणि ते कधी संपत नाहीत, असा तो आवाज मला वाटला.

संध्याकाळी अक्काच्या घरी गेलो. दोन खोल्या, पुढं कौलांची पडवी, अंगणात एक जांभा दगड. अक्का धावत बाहेर आली आणि आमच्यासमोर येऊन थांबली. कोट्रप्पांनी काही वाढवून सांगितलं नव्हतं. गाल बसलेले, गळ्याचं हाड दिसत होतं, नाकावरची कातडी सोललेली. हात तर कोपरापर्यंत एका रंगाचे आणि वर दुसऱ्या. आई तिच्या तोंडावरून हात फिरवत राहिली. अप्पा पडवीच्या कडेला, चपला न काढता बसले.

"जावई?" त्यांनी विचारलं.

"कामावर. उशीर हुतो त्यांना." अक्का म्हणाली. "अप्पा, पाणी..." आणि तिचं तिलाच आठवून ती गप्प झाली. "बरं. तुम्ही बसा तरी."

ते दोघं पडवीतच बसले. मी एकटी आत गेले. अक्कानं मला पाट दिला आणि ताट वाढलं. उकड्या तांदळाचा भात, नारळाच्या रसातली वांग्याची आमटी, लोणच्याची फोड, शेवटी ताक. ती माझ्यासमोर बसली नाही. एक घास माझ्याशी बोलताना घेतला, एक चुलीपाशी, एक दारात जाऊन, सगळे उभ्यानंच. भुकेला माणूस खातो तशी घाईनं खात होती. ती आईला काहीतरी द्यायला बाहेर गेली तेव्हा मी उठले. तांदळाच्या डब्याचं झाकण काढलं, तळाला मूठभर तांदूळ होते. पिठाच्या डब्यात पीठ नव्हतं. कोनाड्यात दोन ॲल्युमिनियमची पातेली. परात नव्हती, नाव घातलेले डबे नव्हते, आणि चुलीशेजारी घागर ठेवायची दगडी बैठक होती, तिच्यावर घागर नव्हती. घागरीच्या बुडाचं गोल ओलं वर्तुळ मात्र तिथं होतं. ते वर्तुळ बघूनही माझ्या काही ध्यानात आलं नाही. विकलेल्या भांड्याची ओल राहत नाही, एवढा साधा विचार भांड्याच्या दुकानात वाढलेल्या मुलीला सुचला नाही.

लॉजवर परत आल्यावर मी सगळं सांगितलं, आणि सांगितलं तेही आईनं विचारलं तेवढंच. तांदूळ मूठभर. पीठ नाही. उभ्यानं जेवली. घागर नाही, परात नाही, डबे नाहीत. आई भिंतीकडे तोंड करून बसली. अप्पा म्हणाले, "सकाळी घेऊन जायचं तिला." तेवढंच. पण त्या काळी परत आणलेल्या लेकीचं काय होतं ते गल्लीत आम्ही बघितलेलं होतं. अशा लेकी माहेरी पीठ मळत म्हाताऱ्या होतात. अक्काचं हसणं त्या पडद्यामागं कसं मावेल, असा एकच विचार माझ्या मनात येत राहिला. आणि माझ्याच तोंडून ते ठरलं होतं.

सकाळी आम्ही पिशव्या बांधूनच निघालो. अक्काच्या दाराला कुलूप. शेजारची बाई अंगण झाडत होती, ती म्हणाली, "ती दोघं उजाडायच्या आधीच धक्क्यावर जातात की. आज माणसं हायत म्हणाली." आम्ही धक्क्यावर गेलो. तिथं चार-पाच लाँची होत्या, आणि एकीसमोर अक्का उभी होती. पदर खोचलेला, डोक्याला टॉवेल गुंडाळलेला. ती कन्नडात, मराठीत, आणि मला न कळणाऱ्या कोकणीत ओरडत होती, "बेटावर जाऊन येऊ, डॉल्फिन दाखवतो, पोरांना संभाळून बसवा, ओ काका, टोपी घ्या डोक्यावर!" बारा-पंधरा माणसं आधीच चढून बसली होती. त्यात गदगची एक मंडळी होती, म्हाताऱ्यांपासून तान्ह्यापर्यंत.

अप्पा तिच्यापुढं जाऊन उभे राहिले. "चल," म्हणाले. "हुबळीला चल. बस झालं."

अक्कानं आमच्या हातातल्या बांधलेल्या पिशव्या बघितल्या. मग माझ्याकडे बघितलं. मी मान खाली घातली. तिला सगळं कळलं असणार, पण ती रडली नाही की भांडली नाही. "अप्पा," ती म्हणाली, "माणसं बसल्यात. त्यांना सोडून मी कशी येऊ? तुम्ही चढा. परत आल्यावर काय ते बोला. आई, हात दे."

लोकांच्या देखत नको, म्हणून अप्पा चढले असावेत. आई चढली ती लेकीनं हात धरला म्हणून. इंजिनापाशी एक उंच, सावळा माणूस उघडाबंब वंगणात हात घालून बसला होता. आम्हाला बघून तो दचकला, घाईनं शर्ट घालायला लागला आणि उलटाच घातला. ते आमचे दाजी. लग्नात मी त्यांना मुंडावळ्यांमधून बघितलं होतं, त्यामुळं मला ओळखूच आले नाहीत.

लाँच सुटली. नदीचं तोंड मागं पडलं आणि पाणी हिरव्याचं निळं झालं. आईनं डोळे मिटून लाकूड धरलं. मग मी मागं बघितलं, आणि तिथं, ताडपत्रीच्या सावलीत, दोरीनं बांधून ठेवलेली आमची घागर होती. रामण्णाची वेल आणि अक्काचं नाव. शेजारी डबे एकावर एक, सगळ्यांवर नाव. परात मोठ्या पातेल्यावर झाकण म्हणून पालथी घातलेली. मी आईचा पदर ओढला. बोलले नाही, बोट दाखवलं. आई बघत राहिली. मग उठली, लाँच हलत होती तरी उठली, आणि एकेका डब्याचं झाकण उघडून बघायला लागली. तांदूळ. चिरमुरे. भाजलेल्या शेंगा. पातेल्यात पंधरा-वीस माणसांचं चित्रान्न, लिंबू पिळलेला फोडणीचा भात, अजून गरम.

"बेटावर दुपारी जेवायला घालतो सगळ्यांना," अक्का तिला म्हणाली. "घरातलं सगळं पहाटे हिकडं येतं, रात्री ह्यांच्याबरोबर परत जातं. घागर तर रोज आणायची आणि रोज न्यायची. मोडली कंबर."

"आणि कापडाचं दुकान?" अप्पांनी विचारलं. हे त्यांनी दाजींना विचारलं होतं, पण उत्तर अक्कानं दिलं.

"भाऊभाऊ वेगळे झाले. ह्यांनी वाटणीत लाँच घेतली. म्हणून कार्डात काय लिहिलं न्हाई. कळलं असतं तर न्यायला आला असता." मग तिला हसू फुटलं. "न सांगता पण आलाच की!"

अप्पा हसले नाहीत. जावई दुकान सोडून होडी चालवतो आणि लेक धक्क्यावर गिऱ्हाइकं हाकारते, यात हसण्यासारखं त्यांना काय दिसणार? बेट ओलांडून आम्ही आणखी पुढं गेलो. डॉल्फिन दिसले, पाठी वर खाली करत, गदगच्या मंडळींनी टाळ्या वाजवल्या. अक्का त्यांच्याकडे बघत नव्हती. ती टोकाला उभी राहून दुसरीकडेच बघत होती, जिथं मला नुसतं पाणी दिसत होतं. थोडे पक्षी होते, बाकी काही नाही. तिनं मागं न वळता हात वर केला आणि म्हणाली, "बंद करा."

दाजींनी इंजिन बंद केलं. का, कशाला, काही विचारलं नाही. तिचा हात वर गेला आणि इंजिन थांबलं, एवढंच झालं. मी अप्पांकडे बघत होते म्हणून मला दिसलं. अप्पांनी जावयाकडे बघितलं, मग लेकीच्या वर केलेल्या हाताकडे, मग परत जावयाकडे. आमच्या घरात आईनं "थांबा" म्हटल्यावर काही थांबलेलं मला आठवत नाही. अप्पा वाईट नव्हते, तशी पद्धतच नव्हती.

लाँच नुसती डुलत राहिली. कुणीतरी "काय झालं, बिघडलं काय?" म्हणालं, अक्कानं त्याला गप्प केलं. आणि मग आमच्या उजव्या हाताला, दुकानापासून बाजाराच्या कोपऱ्यापर्यंत असेल तेवढ्या अंतरावर, पाण्यातून एक मोठा श्वास आला. भात्यातून हवा सुटावी तसा, पण कितीतरी मोठा. पाण्याचा फवारा उभा राहिला आणि विरला. त्याखाली काळपट पाठ वर आली, येतच राहिली, संपेना, आणि शेवटी एक छोटासा पर दिसून ती खाली गेली. वाऱ्याबरोबर शिळ्या माशाचा वास आमच्यापर्यंत आला. आईनं हात जोडले. "देवमासा," दाजी हळू आवाजात म्हणाले. "वर्षातनं एकदा-दोनदा दिसतो. मला दिसत न्हाई, हिलाच दिसतो आधी." ते सांगताना त्यांच्या तोंडावर जो अभिमान होता, तो शर्ट उलटा असूनही शोभत होता.

देवमासा आणखी दोनदा वर आला. गेल्या आठवड्यात नातवानं फोनवर तसाच एक व्हिडिओ दाखवला, कारवारच्याच समुद्रातला. आता तिथं मोठी हॉटेलं झालीत, लोक लाइफ जॅकेट घालून जातात, व्हिडिओत सगळे किंचाळत होते. आम्ही त्या दिवशी कुणीच ओरडलो नाही. मी नातवाला म्हणाले, मी बघितलाय. तो म्हणाला, "आजी, टीव्हीवर ना?" मी "हं" म्हणून उठले. पुढं सांगायचं तर घागरीपासून सांगावं लागलं असतं.

इंजिन परत सुरू झाल्यावर अक्का सगळ्यांना पाणी द्यायला लागली. घागर कलती करून पेला भरायचा आणि हातात द्यायचा. अप्पांच्या समोर आल्यावर ती पुढं जायला निघाली. अप्पांनी हात पुढं केला.

"अप्पा?"

"हे काय घर न्हवे," अप्पा समुद्राकडे बघत म्हणाले. "लाँच हाय."

"घर असतं तर चढलाच नसता," अक्का म्हणाली आणि पेला भरून त्यांच्या हातात दिला. त्यांनी तो वरून, न सांडता, सगळा प्यायला. मग दुसरा मागितला. आईनं तर बेटावर चित्रान्नही खाल्लं. बेट कुणाचंच घर नाही, हे तिनं अप्पांना विचारलं नाही, स्वतःच ठरवलं. माझ्या लेकीच्या घरी मी पहिल्याच दिवशी जेवले, आणि कुणी काही म्हटलं नाही. ती रीत कधी गेली ते सांगता येणार नाही.

दुपारी धक्क्यावर परतलो तेव्हा बांधलेल्या पिशव्यांबद्दल कुणी अवाक्षर काढलं नाही. अप्पांनी दाजींच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "शर्ट उलटा हाय." दाजींनी खाली बघितलं आणि अक्का हसली, तेच जुनं, छिन्नी थांबवणारं हसू. पुढच्या पंचमीला, पावसामुळं समुद्र बंद असताना, दोघंही हुबळीला येतील असं ठरलं. आम्ही तिघं बसमध्ये बसलो. अप्पा पुढच्या बाकावर, मी आणि आई मागं.

बस अंकोल्याच्या पुढं गेली तशी आईनं मला कोपरानं ढोसलं. "काल काय वाढलं गं तुला अक्कानं? नीट सांग, पहिल्यापासनं."

काल मी सांगितलं होतं. पण तेव्हा मी काय काय नव्हतं ते सांगितलं होतं. आता मी भातापासून सुरुवात केली. उकडा तांदूळ, जाड, गोडसर. वांगी मोठी चिरलेली, नारळ बारीक वाटलेला, वर त्रिफळाचा वास. "त्रिफळ घालती?" आई म्हणाली. "तिकडचं शिकली वाटतं." लोणचं तिनंच घातलं होतं. ती माझ्याशी बोलता बोलता, चुलीवर दुसऱ्या दिवसाचं बघता बघता उभ्यानं जेवत होती, आणि मधेच माझ्या ताटात न विचारता भात टाकत होती. पहिल्यांदा, दुसऱ्यांदा, मी हातानं ताट झाकलं तरी तिसऱ्यांदा. मी आयुष्यात एका दमात इतकं कधी बोलले नव्हते. घाट चढायला लागलो. आईला या वेळी लिंबू लागलं नाही. तिचं डोकं हळूहळू माझ्या खांद्यावर आलं आणि वळणावळणाला डुलायला लागलं. तिला झोप लागली होती. मी बोलायची थांबले.

पुढच्या बाकावरून अप्पांनी मान अर्धी वळवली. ते झोपले आहेत असं मला वाटत होतं.

"मग?" ते म्हणाले. "तिसऱ्यांदा भात घातला. पुढं?"

"पुढं ताक," मी म्हणाले.

"ताकात काय हुतं?"

"आलं. आणि कढीलिंब."

"सावकाश सांग," अप्पा म्हणाले. "हुबळी अजून लांब हाय."